मथळा बदलला, पण कुणाला न सांगता

संपादक महोदय,
स. न.

डिजिटल माध्यमांना राजकीय बातम्यांबाबत संयमाचे धडे देणारा आपला कालचा अग्रलेख वाचला. त्यातील प्रत्येक वाक्य पटले. फक्त हा उपदेश आपल्याच संकेतस्थळ विभागापर्यंत पोहोचला आहे की नाही, एवढी शंका उरली.

गेल्या निवडणुकीच्या प्रचारात आपल्या संकेतस्थळावर एका नेत्याचे संतापजनक विधान ठळक मथळ्यासह झळकले आणि मी ते भाबडेपणाने नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवले. तासाभरात भाच्याने संपूर्ण भाषणाची चित्रफीत टाकली. नेत्याने ते वाक्य खोडून काढण्यासाठीच उच्चारले होते; मथळ्यातून ‘विरोधक म्हणतात की’ एवढे तीनच शब्द गळाले होते. मी बातमी पुन्हा उघडली, तर मथळा बदललेला, मजकूर सौम्य झालेला, आणि आधी चूक झाली होती याचा कुठे उल्लेखही नाही. खोटा ठरलो तो मी. ‘मामा, तो मथळा तुम्हीच रचलात का?’ या प्रश्नाला मी आजतागायत उत्तर देऊ शकलेलो नाही. आपल्याकडे तक्रार केली, तेव्हा माझा अभिप्राय आपल्याला मोलाचा वाटतो, असे तयार उत्तर क्षणार्धात आले. त्या तत्परतेबद्दल आभार.

छापील अंकात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, बारीक टंकात का होईना, दुरुस्तीची चौकट येते. पडद्यावरची शाई पुसता येते म्हणून ती जबाबदारी संपते काय? ज्या विकिपीडियाकडे पाहून पत्रकार मंडळी नाक मुरडतात, तिथे कोणता शब्द केव्हा बदलला हे ‘इतिहास पहा’ या दुव्यावर कोणालाही तपासता येते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ट्विटरविषयीच्या अभ्यासात खऱ्या बातमीला दीड हजार लोकांपर्यंत पोहोचण्यास खोट्या बातमीच्या सुमारे सहापट वेळ लागल्याचे आढळले, आणि राजकीय खोटे तर सर्वांत वेगाने पसरले होते. ज्याने जुना मथळा वाचून पुढे पाठवला, तो गुपचूप केलेली दुरुस्ती पाहायला परत कशाला येईल?

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर एका उमेदवाराचे गुणगान करणारा ‘विशेष लेख’ होता आणि त्याखाली ‘प्रायोजित’ हा शब्द इतक्या फिकट राखाडी अक्षरांत होता की चष्मा पुसूनही तो मला दुसऱ्या वाचनात सापडला. युरोपीय संघात ऑक्टोबर २०२५ पासून राजकीय जाहिरातीवर पैसे कोणी दिले हे सांगणे बंधनकारक आहे. आपण निदान अक्षरे काळी करावीत.

त्या बातमीखाली मूळ मथळा आणि तो बदलल्याची वेळ आजही देता येईल. दिलीत तर कृपया दुवा कळवावा. मला तो गटावर टाकायचा आहे.

आपला (अजूनही) वाचक