फोर बाय फोर घेताय? आधी गाडीखाली वाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की बेळगावच्या शोरूममध्ये फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देणाऱ्या गाड्यांचे बुकिंग वाढते. खानापूर, चंदगड, हुक्केरी भागात ही गाडी आता नुसत्या हौसेची राहिलेली नाही. काजूच्या बागेत, उसाच्या फडात, पावसाळ्यात रस्ता वाहून गेलेल्या वाड्यांवर ती खरोखर लागते. पण बुकिंगच्या टेबलावर जी ऑप्शनची यादी पुढ्यात येते, तिच्यात क्रोम, लायटी, सीट कव्हर, मोठा स्क्रीन आधी असतो आणि डिफरन्शियल लॉक, म्हणजे एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाके एकत्र बांधणारा भाग, कुठेतरी तळाशी. ही यादी खालून वर वाचावी, एवढ्यासाठी हे पत्र.

कुठल्या ऑप्शनवर पैसे घालायचे याची कसोटी सोपी आहे. जी वस्तू अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमध्ये, गिअरबॉक्सला चिकटून किंवा मूळ वायरिंगच्या आत बसते ती कंपनीतूनच बसून आली पाहिजे. जी चार बोल्ट काढून बदलता येते ती नंतर सावकाश घ्यावी, बहुतेक वेळा ती बाहेर निम्म्या किमतीत मिळते. पहिल्या प्रकारात फोर बाय फोरच आली. टू व्हील ड्राइव्ह थार बाहेरून हुबेहूब तशीच दिसते, म्हणून "आता ही घेऊ, पुढे फोर बाय फोर करून घेऊ" असे म्हणणारे भेटतात. ट्रान्सफर केस (जोर पुढच्या चाकांकडेही नेणारी पेटी), पुढचा डिफरन्शियल, पुढचे शाफ्ट, ईसीयूचा (गाडीतल्या संगणकाचा) प्रोग्राम एवढे सगळे त्यात येते. ते नंतर होत नाही. झालेच तर वॉरंटी आणि आरसी दोन्ही अडचणीत येतात.

मग डिफरन्शियल लॉक. जांबोटी-कणकुंबीकडे ओहोळाच्या काठावर गाडी तिरपी चढवली की मागचे एक चाक अधांतरी येते. साध्या डिफरन्शियलमध्ये कमी पकड असलेले चाक पेलेल तेवढाच जोर दोन्ही चाकांना मिळतो, त्यामुळे अधांतरी चाक भिंगरीसारखे फिरते आणि जमिनीवरचे चाक जागचे हलत नाही. त्याच वेळी पुढचे, विरुद्ध कोपऱ्यातले चाकही हलके झाले की फोर बाय फोर असूनही गाडी उभी. लॉक दोन्ही चाके एकत्र बांधतो. यात प्रकार आहेत. मेकॅनिकल लॉक दोन चाकांच्या फिरण्यात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की कमी वेगात आपोआप धरतो. इलेक्ट्रॉनिक लॉक बटणावर चालतो, पाच दारांच्या थार रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये मागे तोच आहे. फोर्सच्या गुरखात पुढे-मागे दोन्हीकडे लॉक मूळचेच मिळतात. मारुतीच्या जिम्नीत लॉक नाही, तिथे घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवतात. जुन्या नमुन्याच्या थारमध्ये कुठला लॉक आहे हे प्रकारानुसार बदलत आले आहे, तेव्हा सेल्समनच्या तोंडी शब्दावर न राहता प्रकाराचे पूर्ण नाव आणि लॉकची जात ऑर्डर फॉर्मवर लिहून घ्यावी.

ब्रेकवाला लॉक टाकाऊ नाही. जिम्नीचे वजन १२०० किलोच्या आसपास, तिला तो बऱ्यापैकी पुरतो. पण लांब चढावर सतत वापरला की ब्रेक तापतात आणि यंत्रणा स्वतःला वाचवायला काही वेळ बंद पडते. शिवाय चाक फिरायला लागले की नवखा माणूस घाबरून पाय काढतो. मेकॅनिकल असो की ब्रेकवाला, तिथे अ‍ॅक्सिलरेटर हलका धरून ठेवला तरच तो काम करतो.

आता एक गोष्ट शोरूमवाले सांगणार नाहीत. लॉक सगळ्या तालुक्यांत सारखा उपयोगी नाही. खानापूरच्या पश्चिमेला जांभा, मुळे, दगडगोटे आणि ओहोळ. तिथे चाके वरखाली होतात म्हणून लॉकचे पैसे वसूल होतात. सौंदत्ती, बैलहोंगल, अथणीकडच्या काळ्या रानात पावसानंतर चिखल टायरच्या खाचांत असा भरतो की नवा टायर टकला होऊन जातो. मग चारही चाके एकदम रिकामी फिरतात आणि लॉक असून नसल्यासारखा. वाफसा येईपर्यंत थांबणे हाच तिकडचा लॉक. त्या भागातल्या माणसाने लॉकपेक्षा चांगल्या टायरवर आणि मडगार्डमध्ये मोकळ्या जागेवर लक्ष द्यावे.

टायर-रिमच्या बाबतीत लोक हमखास चुकतात, कारण मोठे अलॉय दिसायला झकास. थारमध्ये १६ इंची रिमवर २४५/७५ आणि १८ इंची रिमवर २५५/६५ अशी मापे मिळत आली आहेत. हिशेब केला (रुंदीचे तेवढे टक्के) तर पहिल्याची बाजूची भिंत १८४ मिलिमीटर, दुसऱ्याची १६६. बाहेरचा व्यास मात्र जेमतेम १५ मिलिमीटरने कमी-जास्त. म्हणजे उंचीत फारसे काही न गमावता खड्डा सोसायला १८ मिलिमीटर जास्त रबर मिळते. चोर्ल्याच्या रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात अलॉय आपटला तर चिरतो. लोखंडी रिम वाकते, आणि वाकलेली रिम कुठल्याही टायरवाल्याकडे ठोकून सरळ होते. लोखंडी रिमचा खालचा प्रकार आणि वाचलेल्या पैशात पाच एटी (डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे) टायर, हा या भागासाठी सर्वांत शहाणा सौदा आहे. पाच म्हणण्याचे कारण असे, की स्टेपनी वेगळ्या मापाची किंवा जास्त झिजलेली असेल तर फोर बाय फोरमध्ये दोन अ‍ॅक्सलचा वेग जुळत नाही आणि ट्रान्सफर केस ताणली जाते. एमटी (खास चिखलाचे) टायर टाळावेत. चिखलात ते भारी चालतात, पण ओल्या डांबरी घाटात ब्रेकला गाडी लांब जाते, आणि वर्षातले बहुतेक किलोमीटर डांबरावरच पडतात. चिखलात उतरण्याआधी हवा ३२ वरून १८-२० पीएसआयवर आणली की टायर पसरून पकड वाढते. मात्र परत भरायला जवळ पंप हवा. १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर सिगारेट सॉकेटवर चालतो, मोठा ३० अँपिअरवाला थेट बॅटरीलाच लावायचा, नाहीतर फ्यूज उडतो.

पाण्याबद्दल. थार आणि रॉक्ससाठी कंपनी ६५० मिलिमीटर, गुरखासाठी ७०० मिलिमीटर खोली सांगते. गुरखाला स्नॉर्कल (इंजिनसाठी हवा वरून घेणारी नळी) मूळचेच आहे. इतर गाड्यांना बाहेरून स्नॉर्कल लावताना मडगार्डला मोठे भोक पाडावे लागते. एअर बॉक्सचे सांधे नीट सील झाले नाहीत तर वरून हवा आणि खालून पाणी, दोन्ही एकदम आत. स्नॉर्कल फक्त हवा घेण्याची जागा वर नेते. डिफरन्शियलचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची वाट), अल्टरनेटर, सेन्सर जिथे होते तिथेच राहतात. गरम झालेले अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून, ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. ओळखायची खूण सोपी आहे: खोल ओहोळ ओलांडल्यावर दोन-तीन दिवसांत डिफरन्शियलचा भरायचा प्लग सोडून बोट घालून पाहावे. तेल ताकासारखे दिसले तर बदला, थांबू नका. स्नॉर्कलपेक्षा ब्रीदरला लांब नळी जोडून ती बॉनेटखाली वर आणणे शेकड्यांत होते आणि जास्त उपयोगी पडते. विम्यात मात्र इंजिन संरक्षणाचे कलम पहिल्याच वर्षी घ्यावे. पाणी ओढून कनेक्टिंग रॉड वाकला तर साध्या पॉलिसीत तो खर्च बहुधा नाकारला जातो.

लायटींचा विषय गाडीच्या खालचा नसला तरी वायरिंगचा आहे. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे साधारण नऊ अँपिअर. रिले आणि वेगळा फ्यूज न लावता ते मूळ वायरीला काप देऊन जोडले, की काही महिन्यांत हिरवट गंज चढून डॅशबोर्डवर निरनिराळे इशारे लागायला लागतात, आणि वॉरंटीवाला पहिल्यांदा तो काप दाखवतो. फॉगलाइट ऑप्शनमध्ये असतील तर कंपनीचेच घ्यावेत, कपलर आणि स्विच तयार मिळतो. टपावरचा एलईडी बार धुक्यात उलटा त्रास देतो. चोर्ला आणि आंबोलीच्या धुक्यात वरून टाकलेला उजेड परत डोळ्यांवर येतो, तिथे बंपरखाली बसवलेले पिवळे, खाली झुकलेले दिवे लागतात. बुलबार (बंपरपुढचा लोखंडी कठडा) तर घेऊच नये. केंद्राच्या डिसेंबर २०१७ च्या सूचनेनुसार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली तो बेकायदा आहे, आणि पुढच्या धडकेचा धक्का आधी त्यानेच घेतल्यामुळे एअरबॅगचे गणित चुकते.

विंचचे, म्हणजे अडकलेली गाडी ओढायच्या विजेच्या चरखीचे काय? गाडीच्या एकूण भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकद हवी, म्हणजे अडीच टनांच्या गाडीला पावणेचार टन, साधारण ८३०० पौंड; बाजारातले ९५०० पौंडी त्याला पुरून उरते. पूर्ण ओढीला ते ३५०-४०० अँपिअर खाते, आणि दोरीसकट पुढच्या अ‍ॅक्सलवर ३५-४० किलो कायमचे बसतात. खानापूर तालुक्यात ट्रॅक्टर हाकेच्या अंतरावर असतो. त्यापेक्षा ९ मीटरचा चांगला पट्टा, ४.७५ टनांचे दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) आणि एक फावडे गाडीत ठेवा. हूक मात्र पुढे-मागे चेसिसला बोल्ट केलेलेच हवेत. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवून ओढू नये, गोळा तुटला तर तो मागच्या गाडीच्या काचेतूनच आत येतो.

डीलर ज्या वस्तूचा सर्वांत जास्त आग्रह धरतो ती म्हणजे अंडरबॉडी कोटिंग. आपल्याकडे लाल माती ओली राहून सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) आत बसते, त्यामुळे लेप हवा हे खरे. पण घाईत स्प्रे मारणारा पोरगा दारांच्या आणि सिलच्या खालची पाणी गळायची भोकेही बुजवून टाकतो. मग आत साठलेले पाणी बाहेर पडत नाही आणि गाडी आतून सडते. लेप लावताना शक्य तर उभे राहावे. भोके, सायलेन्सर, ब्रेकची जोडणी, सेन्सर आणि अ‍ॅक्सलचे ब्रीदर मोकळे ठेवायला सांगावे. नंतर वाकून, मोबाईलचा उजेड धरून एकेक भोक काडीने तपासावे.

कापडी हुडाचे एका वाक्यात सांगतो: जून ते सप्टेंबर कणकुंबीकडे राहणाऱ्याने तो घेऊ नये, बुरशी धरते आणि मागच्या सामानाला कुलूप राहत नाही.

शेवटी पैशाचा भाग. कंपनीचा ऑप्शन एक्स-शोरूम किमतीत धरला जातो आणि कर्नाटकात आयुष्यभराचा रोड टॅक्स त्या किमतीवर लागतो. १० ते २० लाखांत १७ टक्के, २० लाखांवर १८ टक्के, आणि वर उपकर वेगळा. १९ लाख ८० हजारांच्या गाडीला ३,३६,६०० टॅक्स. तिच्यात ४० हजारांचा ऑप्शन घातला की किंमत २० लाख २० हजार आणि टॅक्स ३,६३,६००. म्हणजे ४० हजारांच्या वस्तूला उपकर सोडून ६७ हजार पडले. किंमत त्या रेषेजवळ असेल तर जे नंतर बसवता येते ते बिलाबाहेर ठेवा. जे बसवता येत नाही, म्हणजे लॉक, फोर बाय फोर, त्यासाठी मात्र हे पैसे जाऊ द्यावेत. नंतर लावलेल्या वस्तू विमा कंपनीला कळवून पॉलिसीत लिहून घ्याव्या लागतात, विजेवर चालणाऱ्या वस्तूंना किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता पडतो. टॅक्स वाचतो म्हणून कोल्हापूर पासिंग करून इकडे चालवणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, आरटीओला मात्र सीमा कुठे आहे ते नेमके ठाऊक असते. १२ महिन्यांहून जास्त गाडी इथे ठेवली की कलम ४७ प्रमाणे नवे रजिस्ट्रेशन आलेच.

गाडी ताब्यात घेताना उरलेली रक्कम देण्याआधी ती डांबरावर नव्हे, मोकळ्या मातीत नेऊन फोर एल (फोर बाय फोरचा सर्वांत हळू, जास्त जोराचा गिअर) टाका. दिवा लागायला हवा आणि गाडी जवळजवळ चालत्या माणसाच्या चालीने ओढली पाहिजे. कोरड्या डांबरावर वळवून पाहू नका, त्या ताणाने अ‍ॅक्सल कुरकुरतो. लॉकचे बटण असेल तर तेही दाबून बघा. मग खाली वाका: मागच्या अ‍ॅक्सलवर ब्रीदरची टोपी जागेवर आहे का, पुढचा हूक आहे का, स्टेपनीचे माप इतर चारांशी जुळते का, जॅक आणि पाना गाडीतच आहे का. बहुतेक वेळा पानाच गायब असतो.

कळावे,
गॅरेज व्यवसायातील एक वाचक
उद्यमबाग, बेळगाव