पाळीव कुत्रीची नसबंदी: कधी आणि कशी

नसबंदी म्हणजे क्रूरपणा, असे पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये अजूनही सर्रास ऐकू येते. खरा क्रूरपणा नसबंदी न करता गर्भाशयात पू होऊ देण्यात आहे. माजानंतर महिना-दोन महिन्यांत कुत्री सारखी पाणी पिऊ लागली, जेवण सोडले, शेपटीखाली घाण वासाचा ओला डाग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तरी नसबंदीची घाई नको. लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या जातीत हाडांची वाढ होईपर्यंत, साधारण वर्षभर, थांबलेले सांध्यांना बरे. ऐन माजात शस्त्रक्रिया टाळावी; रक्तस्राव जास्त होतो. नंतर 10 ते 14 दिवस गळ्यातली शंकूसारखी कॉलर (चाटू नये म्हणून घालतात ती) काढू नका, कितीही कीव आली तरी! टाके चाटले की जखम उकलते. जिन्यावरच्या उड्याही बंद.

– एक श्वानप्रेमी, कोथरूड, पुणे