नागपूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र : मैदाने आहेत, गाडी द्या

मा. पालकमंत्री महोदय, नागपूर जिल्हा,
सविनय नमस्कार.

दर रविवारी दिव्यांग मुलांसोबत क्रिकेट खेळणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे.

अंधांचे क्रिकेट आपण एकदा येऊन पाहाच. चेंडू कडक प्लास्टिकचा, आत छर्रे. गोलंदाज तो हात खालून आणून जमिनीलगत टाकतो आणि फलंदाज छर्ऱ्यांच्या आवाजावर बॅट फिरवतो. अकरांत किमान चार जण पूर्ण अंध असावे लागतात आणि त्यांची प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते. ज्याला अजिबात दिसत नाही, त्याच्या धावेला सर्वाधिक मोल! हे एकदा उमगले की मूल घरी जायचे नाव घेत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये भारताच्या मुलींनी कोलंबोत अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या मुलींचा हट्ट तर विचारूच नका.

नागपुरात मैदानांची वानवा नाही. रेशीमबाग आहे, मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल आहे. अडते ते घरापासून मैदानापर्यंत. कळमन्याहून व्हीलचेअरवरच्या मुलाला आणायचे तर ऑटोवाले खुर्ची पाहूनच नाही म्हणतात. जो तयार होतो त्याचे भाडे परवडत नाही. शिवाय सोबत येणाऱ्या बापाची रोजी बुडते. चार रविवार ओढाताण होते, मग मूल यायचे थांबते. अशी मुले गमावताना फार वाईट वाटते.

ब्रिटनमध्ये १९५० साली सुरू झालेली लॉर्ड्स टॅव्हर्नर्स ही संस्था क्रिकेटमधून वंचित आणि दिव्यांग मुलांसाठी काम करते. तिने क्रिकेटच्या साहित्यावरच न थांबता विशेष शाळांना मिनीबसही दिल्या. मुळाशी हात घालणे म्हणतात ते हेच.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण आहात. रॅम्प आणि खुर्च्या बांधून ठेवायची सोय असलेली एक बस समितीच्या निधीतून द्यावी. दिव्यांगांना खेळात सहभागी होता यावे, ही जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३० ने शासनावरच टाकली आहे. मुलांची यादी आणि बसचा मार्ग आम्ही आखून देतो. रविवार सोडून इतर दिवशी ती विशेष शाळांनी वापरावी.

एक आग्रह मात्र आहे. चालक, मदतनीस आणि डिझेलचा खर्च त्याच प्रस्तावात धरावा, नाहीतर उद्घाटनानंतर बस आवारात उभी राहील. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक स्वयंसेवक, नागपूर