माऊस त्यांच्याच हातात राहू दे

नागपूर,
३० नोव्हेंबर २०२५

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. तू रजा टाकून येतेस, शिवाय माझी संध्याकाळची कॉम्प्युटरची बॅचही सांभाळतेस म्हटल्यावर आईने खाण्यापिण्याची यादी काढायला घेतली आणि मी हे पत्र. सिलॅबस व्हॉट्सअपवर पाठवा म्हणालीस. तो टेबलाच्या खणात छापील पडलेला आहे. वर्ड, एक्सेल, इंटरनेट, वेब डिझाइनची ओळख असं सगळं त्यात ओळीने आहे आणि तुला त्यातलं काहीच नवीन नाही. तुला जे लागणार आहे ते त्यात लिहिलेलं नाही.

बाकी सगळं विसरलीस तरी एक विसरू नकोस. शिकणाऱ्यांच्या माऊसला हात लावायचा नाही. कोणी अडलं की तुझा हात आपोआप पुढे जाईल, दोन क्लिकमध्ये काम होईल, समोरचा माणूस "हव हव, समजलं" म्हणेल. त्याला काही समजलेलं नसतं, त्याने फक्त तुझा हात पाहिलेला असतो. घरी गेला की तिथेच अडतो आणि मग पोराला हाक मारतो, पोरगा वैतागतो. म्हणून हात पाठीमागे बांधून उभी राहा आणि तोंडाने सांग, वर डाव्या कोपऱ्यात बघा, 'फाइल' लिहिलंय. मग थांब. हे थांबणं तुला जड जाणार, कारण तुझ्या कामात थांबलेला माणूस मागे पडतो. इथे नाही पडत.

दुसरं म्हणजे "सोपं आहे" हे दोन शब्द वर्गात उच्चारू नकोस. अवघड आहे म्हटलं आणि जमलं नाही तर माणूस पुन्हा करून बघतो. सोपं आहे म्हटलं आणि जमलं नाही तर तो स्वतःला ढ ठरवतो आणि पुढच्या सोमवारी येत नाही. पन्नाशीतल्या माणसाला संध्याकाळी सहा वाजता, दुकान किंवा स्वयंपाक मागे टाकून, आपल्या पोरांच्या वयाच्या माणसांसमोर चुकायला यायचं असतं. हा केवढा धीर आहे ते तुला खुर्च्यांवर बसलेले चेहरे बघून कळेल.

नवीन माणूस आला की कॉपी-पेस्ट नंतर, आधी कंट्रोल-झेड. मी काय करतो सांगतो. त्यांच्याकडून एक परिच्छेद टाइप करून घेतो. एकेक अक्षर शोधत अर्धा तास जातो. मग सांगतो, आता कंट्रोल-ए दाबा. सगळं निळं होतं. आता डिलीट. वर्गात "अरे बाप्पा" होतं, एखादी ताई तर माझ्याकडे अशी बघते की जणू तिचं पाकीटच मारलं. मग कंट्रोल-झेड. परिच्छेद जसाच्या तसा परत! हे सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा करून घेतो, पुसा आणि आणा, पुसा आणि आणा. महाल भागातल्या आपल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गोदरेजच्या मशीनवर कार्बन लावून टाइप करताना एक अक्षर चुकलं तर मूळ प्रत आणि खालच्या सगळ्या प्रती बिघडायच्या. माझ्या वयाच्या लोकांच्या बोटांत ती भीती अजून आहे. ती गेल्याशिवाय पुढचं काही शिरत नाही. फाइल बंद केली की मात्र हे परत आणणं संपतं, तेही त्याच दिवशी सांगून टाक.

डबल-क्लिक हा आणखी एक छळ. हात थोडा थरथरतो, दोन क्लिकच्या मध्ये माऊस सरकतो आणि आयकॉन उघडायच्या ऐवजी भलतीकडे जाऊन बसतो. एकदा क्लिक करून एंटर दाबायला सांग, तेच काम होतं. सेटिंगमध्ये डबल-क्लिकचा वेग कमी करता येतो, दोन मशीनवर मी केला आहे. जुन्या लोकांना तिथे बसव.

आता ज्यावर तू हसशील ते. मी वर्डच्या आधी नोटपॅड उघडायला लावतो आणि दुसऱ्याच आठवड्यात एचटीएमएल, म्हणजे वेब पानाची खुणांची भाषा, वापरून वेब पेज लिहायला लावतो. "बाबा, एचटीएमएल कशाला त्यांना?" हे तुझं वाक्य मला इथपर्यंत ऐकू येतंय. ऐक. वर्ड सगळं झाकून ठेवतं. माणूस शीर्षक लिहितो, ठळक करतो, अक्षर मोठं करतो, स्पेसबार दाबत दाबत मध्यभागी नेतो. कागदावर छान दिसतं, म्हणून त्याला वाटतं की आलं. नोटपॅडमध्ये तसं चालत नाही. हे शीर्षक आहे म्हणून एच-वन, हा परिच्छेद आहे म्हणून पी, ही यादी आहे म्हणून यूएल, असं टॅग लावून ज्याचं त्याला सांगावं लागतं.

मानेवाड्याहून शिवणकाम करणाऱ्या एक ताई येतात. त्यांनी दुकानाचं नाव मधोमध यावं म्हणून पुढे भरपूर जागा सोडल्या होत्या. सेव्ह केलं, ब्राउझर उघडला, नाव डावीकडे चिकटलेलं! "सर, माह्या साऱ्या जागा कुठी गेल्या?" ब्राउझर कितीही स्पेस दिल्या तरी एकच मोजतो. मग मी त्यांना स्टाइलची एक ओळ लिहायला दिली, टेक्स्ट-अलाइन सेंटर. नाव सरकून मध्ये आलं. त्यांनी सेंटर काढून राइट लिहून पाहिलं, लेफ्ट लिहून पाहिलं, मग रंग जांभळा करून पाहिला, मला विचारलंही नाही. वर्डकडे परत आल्यावर त्यांना स्टाइल्समधलं 'हेडिंग वन' कशासाठी आहे हे मी समजावलंच नाही, त्यांनीच ओळखलं. आणि हेडिंगवरून अनुक्रमणिका आपोआप तयार होते हे पाहिल्यावर नेहमीप्रमाणे तासाच्या आधी उठून बस पकडायचं त्या विसरल्या.

या ताईंचं वेबसाइटशी जुनं भांडण आहे. कोणीतरी पैसे घेऊन त्यांना एक पान करून दिलं होतं आणि मग गायब झाला. पानावर जुना फोन नंबर, जुने दर, आणि बदलायचं कसं ते कोणालाच ठाऊक नाही. तू म्हणशील, आता एआयला सांगितलं की असं पान मिनिटभरात तयार होतं. होतं ना, मी स्वतः करून पाहिलं, माझ्यापेक्षा देखणं होतं. पण ब्लाऊजची शिलाई वाढली की त्यातला आकडा कुठे आहे हे त्यांच्या डोळ्यांना दिसायला हवं. तेवढंच शिकवायचं आहे, डिझायनर नाही करायचं कोणाला. पहिल्या दिवशी मी सर्न प्रयोगशाळेतलं, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं पहिलं पान दाखवतो, १९९१ साली सगळ्यांसाठी खुलं झालेलं. नुसती अक्षरं आणि लिंका. ते बघून प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी म्हणतंच, एवढं तर आम्हीही करू.

नोटपॅडचे दोन खड्डे आहेत, ते बघून ठेव. एक, फाइलला नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' दिलं तरी नोटपॅड मागे गुपचूप 'डॉट टीएक्सटी' लावतं आणि विंडोज ते शेपूट लपवतं. मग पान उघडतं ते टॅगांसकट. एक्सप्लोररमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक कर म्हणजे शेपूट दिसेल. खिडकीजवळच्या मशीनवर ते करायचं राहिलं आहे. दुसरा, त्या जुन्या मशीनचं नोटपॅड फाइल एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) ठेवतं आणि मराठीची सगळी प्रश्नचिन्हं होतात. सेव्ह करतानाच एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडायला लाव, आणि पानाच्या डोक्यात ब्राउझरला हे एन्कोडिंग सांगणारी कॅरसेटची ओळ हवीच. बाकी सेव्ह न करताच रिफ्रेश दाबून "काहीच बदललं नाही" ही तक्रार तू रोज ऐकशील. तिला उत्तर एकच, सेव्ह, मग एफ-फाइव्ह.

एक्सेलची गंमत काटोलकडच्या काकाजींनी केली. त्यांची संत्र्याची बाग आहे. जमिनीच्या कागदांची यादी करताना त्यांनी एका खान्यात ७/१२ टाइप केलं आणि एंटर मारलं. झाली सात डिसेंबर! पुसून पुन्हा लिहिलं, पुन्हा सात डिसेंबर. "सर, याले सातबारा समजत नाही का?" मी म्हटलं, नाही समजत, त्याला दोन आकडे आणि मध्ये रेघ दिसली की तारीखच वाटते. त्यांनी खाना टेक्स्ट करून पाहिला तर तिथे ४५९९८ आलं. तेव्हा मात्र फळ्यावर जावं लागलं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून एक्सेल दिवस मोजत येतं, आणि यंदाची ७ डिसेंबर त्या मोजणीत ४५९९८ वी. काकाजींना हे इतकं आवडलं की त्यांनी आपल्या जन्मतारखेचा आकडा काढला, मग दोन्हींची वजाबाकी करून आपण किती दिवस जगलो ते सगळ्या वर्गाला ऐकवलं. उपाय तुला माहीतच आहे, आधी कॉलम टेक्स्ट करायचा, मग लिहायचं. मोबाइल नंबरच्या पुढे शून्य लिहिलं की ते गायब होतं, तेही याच जातीचं दुखणं. इतवारीचे शेठ लाखाचे स्वल्पविराम चुकतात म्हणून कुरकुरले तर विंडोजचं रीजन इंग्लिश (इंडिया) आहे का ते बघ. कोणीतरी ते अमेरिकेवर नेऊन ठेवतं.

बॅचमध्ये एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांच्याशी जपून. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळरचनेवर, त्यांचा हात माझ्यापेक्षा वेगाने चालतो आणि सगळा मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहे. ईमेलमध्ये पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो, त्यामुळे त्यांचा समज असा की ईमेल मराठीच्या विरोधात आहे. त्यांना फॉन्टचं नाव बदलून दाखव. कृतिदेवमध्ये 'का' दिसतं तिथे खाली साठवलेलं असतं इंग्रजी डी आणि के, क वगैरे काही नसतोच. युनिकोडमध्ये 'क'चा स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो कुठेही गेला तरी 'क'च राहतो. पण इनस्क्रिप्ट ही वेगळी कळरचना शिका म्हणून त्यांच्या मागे लागू नकोस. युनिकोडसाठीही रेमिंग्टन पद्धतीचा कीबोर्ड बसवता येतो, त्यांच्या मशीनवर मी तो बसवलाय. उभ्या आयुष्याची बोटं तशीच राहिली तरी माझं काही अडत नाही.

फोनवर तरबेज असलेली मंडळी इथे फाइल कुठे ठेवली यावर अडतात. फोनने त्यांना कधी सेव्ह करायला लावलंच नाही. त्यावर माझ्याकडे युक्ती नाही. रोज प्रत्येकाने आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शोधायचं, एवढंच.

पासवर्ड टाइप करताना तू खिडकीबाहेर बघायचं, आणि तू बघते आहेस हे त्यांना दिसायला हवं. ओटीपी तुलाही सांगायचा नाही, असं पहिल्याच दिवशी मोठ्याने सांग. फसवणूक झाली तर १९३० हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला आहे, तो पुसू नकोस. आणि अंकल-आंटी नको, काकाजी, ताई, भाऊ म्हण. ते तुला मॅडमच म्हणणार, त्याला इलाज नाही.

तू येशील त्या आठवड्यात काकाजींच्या बागेचं पान चढवायचं आहे. आंबिया बहाराची संत्री आता उतरतायत, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतील, असं त्यांनी टेबलच केलंय. पान ठेवायला गिटहब या वेबसाइटवर मोफत जागा घेऊन ठेवली आहे. पान चढेल, पण बागेचा फोटो दिसणार नाही, कारण त्यांनी फोटोचा पत्ता आपल्या मशीनच्या सी ड्राइव्हचा दिलाय. शिवाय फोटोच्या फाइलचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि पानात छोट्या अक्षरांत, तेही विंडोजवर चालतं, गिटहबवर चालत नाही. मी मुद्दाम सांगितलेलं नाही. तूही दुरुस्त करू नकोस. त्यांना तो पत्ता मोठ्याने वाचायला लाव. 'सी' म्हणताच त्यांचे तेच थांबतील असा माझा अंदाज आहे. नाही थांबले तर त्यांचं पान तुझ्या फोनवर उघड आणि विचार, काकाजी, या फोनमध्ये तुमचा सी ड्राइव्ह कुठे आहे?

येताना पुण्याहून कीबोर्डवर चिकटवायचे देवनागरी अक्षरांचे स्टिकर आण, जुने झिजलेत. सीताबर्डीतही मिळतात, पण अधिवेशनाच्या गर्दीत आई मला तिकडे जाऊ देत नाही.

तुझा,
बाबा

ता. क. कोणाचाही पेनड्राइव्ह आधी कोपऱ्यातल्या मशीनवर तपासल्याशिवाय लावू देऊ नकोस. त्या मशीनला नेट जोडलेलं नाही, ते तसंच राहू दे.