आमची गल्ली उखडण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते बघा

मा. शहर अभियंता यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीचा डांबरी रस्ता मुळापासून उखडून तिथे काँक्रीट करायचा प्रस्ताव आपल्यापुढे आहे. हा रस्ता मी रोज तुडवतो आणि माझा या प्रस्तावाला विरोध आहे. रस्ता खराब आहे, हे मला मान्य आहे. पण तो कशाने खराब झाला हे कुणी पाहिलेलं नाही आणि उपाय मात्र ठरून गेलाय.

वाहनांनी रस्ता झिजतो, असं आपण धरून चालतो. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांची मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा आपल्याला पाठ असेलच: आसावरचा, म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान साधारण १६ पट होतं. १ टनाच्या आसापेक्षा १० टनांचा आस १०,००० पट नुकसान करतो. आमच्याकडे दिवसभरात येतात त्या मोटारी, दुचाकी आणि सायकली. अवजड अशी एक कचऱ्याची गाडी. एवढ्या वर्दळीने हा रस्ता मोडणं शक्य नाही. तो मोडलाय पाण्याने आणि खोदाईने.

परवा पाऊस ओसरताना मी छत्री घेऊन मुद्दाम उभा राहिलो. केबलसाठी खणलेला जुना चर गल्लीत आडवा गेलाय. बुजवताना थराथराने दबाई झालीच नाही, त्यामुळे तो दोन बोटं खचलाय. जुन्या आणि नव्या डांबराच्या सांध्यात नख जाईल एवढी फट आहे. कचऱ्याच्या गाडीचं चाक त्यावरून गेलं आणि फटीतून गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली. त्या पाण्याबरोबर खालच्या खडीतला बारीक माल बाहेर येतोय. पुढचा खड्डा तिथेच पडणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. चारच पावलं पुढे रस्ता सपाट होता, डांबर उन्हाने करडं पडलेलं, केसासारख्या भेगा, पण कुठेही खचलेला नाही. अशा भेगा वेळेवर डांबराने बुजवल्या तर पाणी आत शिरत नाही आणि रस्ता अजून काही वर्षं सहज काढतो.

म्हणजे चर चौकोनी कापून पुन्हा नीट भरायचा, भेगा बुजवायच्या, गटाराकडे उतार द्यायचा. एवढ्याने भागत असताना सगळी गल्ली उखडणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

काँक्रीट हवं म्हणणारे माझे शेजारीच आहेत आणि त्यांचं दुखणं खरं आहे. समोरच्या आजींना वॉकर घेऊन बाहेर पडायचं तर फुटक्या पदपथावरून जाता येत नाही, रस्त्यावर उतरावं लागतं. पैसा खर्च करायचाच असेल तर आधी त्या पदपथावर करा. मला त्याची फार निकड वाटते.

आणि जमिनीखालच्या नळांचं काय? ते जुने झाले असतील तर खोदाई समजू शकतो, पण मग आधी नळ आणि नंतर रस्ता. वरून काँक्रीट ओतल्यावर खाली गळती लागली तर तेच काँक्रीट फोडावं लागेल, आणि फोडलेल्या काँक्रीटचा सांधा पुन्हा एकजीव होत नाही. झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणू नका, एवढंही सांगतो. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरातच असतात.

माझी मागणी साधी आहे. निविदा काढण्याआधी बेंकलमन बीम या उपकरणाने रस्ता भाराखाली किती दबतो ते मोजा, तीन-चार ठिकाणी रस्त्याला भोक पाडून आतल्या थरांचे, म्हणजे गाभ्याचे, नमुने काढा, नळांची तपासणी करा आणि तिन्हींचे अहवाल गल्लीतल्या लोकांना वाचायला द्या. पायाच कुजलाय असं त्यात निघालं, तर मी विरोध मागे घेईन आणि तसं आपल्याला लेखी कळवीन. नमुने काढायला माणसं कोणत्या दिवशी येणार, तेवढं आधी कळवा. चर नेमका कुठून कुठे गेलाय, ते मी खडूने आखून ठेवतो.

आपला,
या गल्लीतला एक रहिवासी