घरकुलांची ‘उष्णता तपासणी’ करा

महोदय,

ब्रह्मपुरी, चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे गेला की बातमी होते. रात्री घराच्या आत काय होते, त्याची कुठे नोंदच नाही. आमच्या भागात कवेलूची घरे जाऊन स्लॅबची अन् टिनाची आली. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. धडधाकट माणसे अंगणात खाट टाकतात. बाळंतीण आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा मात्र आतच असतो.

थंड देशांत घरातली ऊब कुठून निसटते हे हिवाळ्यात थर्मल कॅमेऱ्याने शोधतात. आपल्याला तोच कॅमेरा उष्णता कुठून आत शिरते हे पाहायला हवा. तो हवेचे नाही, पृष्ठभागाचे तापमान दाखवतो. खोलीतून छताकडे धरला की स्लॅब किती तापला, पश्चिमेची भिंत किती, हे रंगांत दिसते. चकचकीत नव्या टिनावर मात्र आकडा फसवा येतो, कारण त्यात आजूबाजूचे प्रतिबिंब उमटते. तिथे काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजावे.

पंचायत समितीने असा एक कॅमेरा घ्यावा आणि मे महिन्यात घरकुलांची तपासणी करावी, तीही दुपारी एकदा उरकून नव्हे, रात्री दहानंतरसुद्धा. चुना मारलेले आणि न मारलेले छत शेजारीशेजारी मोजून ते चित्र ग्रामसभेत दाखवावे. छताच्या चुन्याचा खर्च घरकुलाच्या अनुदानात धरावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर