औषधाच्या आधी थांबण्याची तारीख लिहिणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

चार ओळींचं आभारपत्र लिहायला बसलं की घसा दाटून येतो आणि कागद कोराच राहतो. म्हणून आता सरळ लांबण लावायचं ठरवलं आहे, तेही उघडपणे. पाच वर्षांच्या लेकराला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या त्रासाचं, औषध द्यावं की नाही, या एका प्रश्नापायी रात्र रात्र जागणारे आईबाप कमी नाहीत. आमच्या लेकीसाठी तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

आधी त्या कागदाबद्दल. औषधाचं नाव लिहिण्यापूर्वी तुम्ही उजव्या कोपऱ्यात एक तारीख लिहिलीत, तिला चौकट केलीत आणि म्हणालात, "या दिवसापासून आठवडाभर बंद ठेवून बघायचं. आता सुरू कधी करायचं ते बोलू." मग पेन खाली ठेवलंत आणि गप्प बसलात.

एवढीच गोष्ट. पण आईबापांना गोळीची जितकी भीती वाटते, त्याहून जास्त 'एकदा सुरू झालं की सुटत नाही' याची वाटते, हे तुम्ही ओळखलंत. ती भीती तुम्ही नुसत्या धीराच्या शब्दांनी घालवली नाहीत, औषध कसं चालतं ते सांगून घालवलीत. साधं, कमी वेळ टिकणारं मेथिलफेनिडेट, म्हणजे तिला द्यायचं होतं ते औषध, अर्ध्या-पाऊण तासात लागू पडतं आणि चार तासांच्या आसपास ओसरतं. ते अंगात साठत नाही. आज दिलं तर आजच दिसतं, उद्या दिलं नाही तर उद्या नसतं. म्हणजे हा निर्णय आठवड्याच्या हिशोबाने घेता येतो आणि आठवड्यात मागेही घेता येतो. एडीएचडीच्या सगळ्याच औषधांचं असं नाही, हेही तुम्ही लगेच जोडलंत. अ‍ॅटोमॉक्सेटिनचा पुरता परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. क्लोनिडिन किंवा ग्वानफसिन एकदम बंद केलं तर रक्तदाब उसळतो, ती पायरीपायरीनेच उतरवावी लागतात. 'औषध' या एका शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या वस्तू आहेत, हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तुमच्याआधी दोन डॉक्टरांची दारं झाली होती. पहिल्या दारात दहा मिनिटांत चिठ्ठी हातात पडली. शाळेत कशी वागते, झोपेत घोरते का, घराण्यात कुणी तरुणपणी हृदयविकाराने गेलंय का, एक प्रश्न नाही. दुसऱ्या दारात ऐकू आलं, "या वयात सगळीच मुलं अशी, मोठी झाली की सुटेल." एकाला घाई, दुसऱ्याला कंटाळा, आणि मुलीकडे मान वर करून पाहिलं कुणीच नाही. फुकटचे सल्लागार वेगळेच. साखर बंद करा, दोन ठेवून द्या, आईच लाडावते. (साखरेचं म्हणाल, तर कुणाला खरी साखर दिली आणि कुणाला खोटी हे लपवून केलेल्या चाचण्यांमध्ये मुलांच्या वागण्यात फरक दिसला नाही. पण समजुती चाचण्या वाचत नाहीत.)

तुम्ही मात्र निदानापासून पुन्हा सुरुवात केलीत. घोरणं आणि टॉन्सिल, कारण अर्धवट झोपलेलं मोठं माणूस पेंगतं, अर्धवट झोपलेलं मूल उधळतं. रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा. कान. मध्येच काही सेकंद नजर हरवते का, कारण ते दुर्लक्ष नसून अपस्माराच्या झटक्याचा एक प्रकार असू शकतो. आणि मग विचारलंत, "वर्गात वयाने कितवी?" हा प्रश्न फार कमी जण विचारतात. अमेरिकेत जिथे शाळाप्रवेशाची रेषा १ सप्टेंबरला आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचं निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त निघालं, असा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ वर्षभराने मोठ्या पोरांशेजारी बसवलं तर कुठलंही लहान मूल चंचलच दिसणार. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ तेच दिसत असेल तरच पुढे जायचं, यावर तुम्ही अडून बसलात. तिच्या वागण्याबद्दल वर्गाच्या बाईंनी भरायचे फॉर्म शाळेतून येईपर्यंत काहीही लिहून द्यायला तयार झाला नाहीत. तेव्हा त्याचा राग आला होता, हे कबूल.

फॉर्म आले, निदान पक्कं झालं, तरी गोळी नाहीच. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण हा नियम तुम्ही पाळलात, आणि 'म्हणजे चूक तुमची' असा वास त्याला येऊ दिला नाहीत. सूचना एका वेळी एकच. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून नाही; हाताच्या अंतरावर जाऊन, डोळ्यांच्या उंचीला वाकून. "बूट घालशील का?" असं विचारायचं नाही, कारण प्रश्न विचारला की 'नाही' हे उत्तरही खपवून घ्यावं लागतं, "बूट घाल" म्हणायचं. मग मनात पाच अंक मोजायचे आणि तोंड बंद ठेवायचं, सगळ्यांत अवघड हेच. केलं की तिथल्या तिथे, काय केलं त्याचं नाव घेऊन शाबासकी: "सांगितल्याबरोबर बूट घातलेस." 'शहाणी गं माझी' चालत नाही, कशाबद्दल शहाणी ते मुलाला कळत नाही.

कुठे फसतं तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. किरकिरीकडे दुर्लक्ष करायला लागलं की पहिले दिवस किरकिर वाढते, कारण आजवर चालणारी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती दुप्पट जोराने वापरून बघतं. बहुतेक घरं नेमकी याच टप्प्यावर माघार घेतात, आणि मग मूल शिकतं ते एवढंच, की दुप्पट जोर लावला की काम होतं. हा एक इशारा आधी मिळाला नसता, तर तिसऱ्या आठवड्यात सगळं सोडून दिलं असतं.

बारा आठवड्यांनी बरंच सुधारलं. पण हात सोडून रस्त्यावर धावणं तसंच राहिलं. तेव्हा तुम्ही औषधाचा विषय काढलात, आणि काढताना उणी बाजू आधी ठेवलीत. तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांवर मेथिलफेनिडेटचा जो मोठा अभ्यास झाला, 'पॅट्स' नावाचा, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. त्यात ३०३ मुलं नोंदली होती आणि गोळीपूर्वी पालकांचं दहा आठवड्यांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं, पण शाळकरी मुलांत जितकं उपयोगी पडतं तितकं नाही. सुमारे ११ टक्के मुलांना त्रासामुळे ते सोडावं लागलं. ज्यांनी वर्षभर घेतलं, त्यांची उंची वर्षाला अपेक्षेपेक्षा साधारण १.४ सेंटीमीटर आणि वजन साधारण १.३ किलो कमी वाढलं. हे आकडे तुम्ही गुळात घोळवले नाहीत. दुसऱ्या बाजूला फक्त एक वाक्य ठेवलंत: रस्त्यावर धावणाऱ्या मुलीला औषध न देण्यातही धोका असतो, तो फक्त कुठल्या पत्रकावर छापलेला नसतो.

मग तुम्ही तीन गोष्टी लिहायला सांगितल्यात, औषधाने काय बदलायला हवं त्या. पहिली ओळ लिहिली होती 'नीट वागणे'. तुम्ही ती खोडलीत. "हे मोजता येत नाही." त्या जागी आलं: घर ते शाळा या वाटेवर हात किती वेळा सोडला. जेवायला बसल्यावर किती मिनिटांनी उठली. दिवसात किती जणांना ढकललं. आधीच्या दोन आठवड्यांचे आकडे हातात असल्याशिवाय पहिली गोळी नाही. आकडे आधी नसतील, तर नंतर दिसतो तो ज्याला जसा हवा तसा फरक, हे तुमचं म्हणणं आता पुरतं पटलं आहे.

सुरुवात २.५ मिलिग्रॅमने, म्हणजे ५ ची अर्धी गोळी. कापताना चुरा झाला तर तो चिमटीच्या अंदाजाने द्यायचा नाही, दुसरी घ्यायची. नाश्त्यानंतर एक, दुपारी एक, उशिरा कधीच नाही. उशिराची गोळी झोप खाते. भूक औषधाच्या ऐन भरात मरते, तेव्हा ताटावरून भांडायचं नाही. पोटभर खाणं गोळीच्या आधी आणि ती ओसरल्यावर. डोस वाढवायचा तो आठवड्याला एक पायरी. प्रत्येक पायरीला नाडी, रक्तदाब, वजन. बाईंना औषध चालू आहे हे माहीत होतं, पण कुठल्या आठवड्यात किती हे मुद्दाम सांगितलं नव्हतं, म्हणजे त्यांच्या फॉर्मवर आशेची सावली पडणार नाही.

आणि ते घड्याळ! रडारडीची वेळ लिहून ठेवा, असं तुम्ही म्हणालात तेव्हा ते फारच बारीक वाटलं होतं. गोळीनंतर तास-दोन तासांत मूल रडवेलं होत असेल तर डोस जास्त असण्याची शक्यता. चार तासांनी, संध्याकाळी होत असेल तर औषध उतरताना येणारी ती उसळी. पहिल्यात डोस कमी करायचा, दुसऱ्यात कदाचित वेळा बदलायच्या. रडणं दोन्हीकडे सारखंच दिसतं, उपाय मात्र वेगळा. वेळ न लिहिता 'औषध सोसत नाही' म्हणून ते कायमचं टाकून देणारी घरं किती असतील!

डोस ७.५ मिलिग्रॅमवर गेला तेव्हा शाळेचे आकडे सगळ्यांत सुंदर आले. ढकलाढकली शून्य, जागेवर बसणं पूर्ण. फोनवर फक्त एवढंच सांगितलं, की ती विझल्यासारखी दिसते, बाहुलीशी बोलत नाही. तुम्ही आकडे विचारलेच नाहीत. "उद्यापासून पुन्हा ५," म्हणालात. आकड्यांवर इतका जीव असलेली बाई एका शब्दावर आकडे बाजूला ठेवते, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं आणि रडूच फुटलं. माणसाचा चांगुलपणा असतो तो असाच काहीतरी, सुतळीच्या गाठीएवढा. मोठ्या मनाच्या गप्पा मारणारे पुष्कळ भेटले, ऐकून घेणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यात तुम्ही, त्यात प्रत्येक शुक्रवारी न चुकता फॉर्म भरणाऱ्या त्या बाई.

चौकटीतली तारीख आली तेव्हा कळलं की तीही तुम्ही विचार करून निवडली होती. सुट्टीत औषध थांबवून बघण्यात अर्थ नाही, सुट्टीत कुणी जागेवर बसायला सांगतच नाही. शाळेचा पहिला आठवडा नको, कार्यक्रमाचा नको; अगदी साधा, कंटाळवाणा आठवडा हवा. तसाच तो होता. जेवणाच्या मिनिटांत जवळजवळ काही फरक पडला नाही, म्हणजे ते प्रशिक्षणाचं यश. ढकलणं थोडं वाढलं. हात सोडणं पहिल्या दोन दिवसांतच जुन्या आकड्यावर गेलं. औषध कशासाठी लागतं आणि कशासाठी लागत नाही, हे एवढं स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच मार्गाने दिसलं नसतं. आठवड्याने ५ पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी निर्णयाला पाच मिनिटंही लागली नाहीत.

नव्या कागदावर पुढची तारीख आहे. त्या सकाळी नाश्त्याआधी, अनवाणी, त्याच काट्यावर वजन करून आणतो. उंचीही मोजायची आहे. या वेळी तारखेभोवतीची चौकट तुम्ही तिला काढायला दिलीत. एक रेघ कागदाबाहेर जाऊन तुमच्या टेबलावर उमटली आहे. ती पुसायला सांगाल असं वाटलं होतं. तुम्ही सांगितलं नाहीत.

आपले कृतज्ञ,
तिचे आईबाबा